मिक्सिंगवाल्याचं नाक

माझे सासरे दाताच्या दवाखान्यातून उठून एका परक्या बाईच्या मागे गेले, ही बातमी मला खालच्या मजल्यावरच्या टेलरबाईंनी जिन्यातच दिली. "मी काही लावालावी करणारी बाई नाही हं," अशी त्यांनी सुरुवात केली. हे वाक्य ऐकलं की मी हातातल्या पिशव्या खाली ठेवते, कारण पुढचं लवकर संपत नाही.

तर झालं असं. बाबा दाढ काढायला गेले होते. दाढ निघाली, कापूस दाबून बाहेरच्या बाकावर बसले. टेलरबाई पलीकडच्या कोपऱ्यात आपला नंबर लागायची वाट बघत होत्या. आतून एक उंच, पांढऱ्या केसांची बाई आली, बाबांच्या समोरून दाराकडे गेली आणि बाबा खाडकन उठले. गालात कापूस, अर्धं तोंड बधिर, आणि निघाले तिच्या मागे. टेलरबाईंनी आपला नंबर सोडला. आता बघा, दाढदुखीने हैराण झालेली बाई नंबर सोडते, म्हणजे पुढचा देखावा काय असेल! बाबा थेट बसथांब्यापर्यंत गेले. तिथे ती बाई गर्रकन वळली आणि म्हणाली, "काय पाहिजे हो तुम्हाला?" बाबांनी बोलायला तोंड उघडलं तर शब्दाऐवजी कापूसच बाहेर आला. ती बाई चटकन बसमध्ये चढली. बस गेली तरी बाबा तिथेच, नाक वर करून उभे.

"हे मी फक्त तुम्हाला सांगतेय," टेलरबाई म्हणाल्या.

"आईंच्या कानावर नका घालू."

"अहो, त्यांना दुपारीच सांगितलं."

घरात शिरले तर सगळं चिडीचूप. आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, रागावल्या की भांडी वाजतात, आणि मला त्या आवाजाची सवय आहे. त्या दिवशी चमचासुद्धा वाजत नव्हता.

जेवायला बसल्यावर आईंनी माझ्याकडे बघत विचारलं, "तुझ्या सासऱ्यांना विचार, कोण ती."

"अगं, मला काय माहीत कोण!" बाबा म्हणाले. गाल सुजलेला, त्यात हा प्रश्न. "मी तिला धड बघितलंसुद्धा नाही."

"बघितलं नाही आणि बसथांब्यापर्यंत पोचवायला गेलात?"

"तिच्यासाठी नाही गं गेलो. तिच्या अंगाला एक वास होता." एवढं बोलून बाबांनी डोळे मिटले. हा माणूस मुलाच्या लग्नातही ऑडिटला आल्यासारखा उभा होता, पण आता त्यांचा चेहरा इतका मऊ झाला की मलाच दुसरीकडे बघावंसं वाटलं. "असा वास मी जन्मात घेतला नाही," ते म्हणाले.

आई ताटावरून उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, वासाचं एवढं काय मनावर घ्यायचं? बाईच्या मागे गेले नाहीत, वासाच्या मागे गेले, उलट बरं झालं की. पण आमच्या घरात हे बाईपेक्षा वाईट होतं. का, ते सांगते.

बाबा आयुष्यभर सेंटच्या कारखान्यात होते, मिक्सिंग खात्यात. तिथे एकच सेंट बनायचा, चांदणवेल. हिरव्या टोपणाची बुटकी बाटली. त्या काळी ज्या घरात आरसा होता, त्या घरात आरशाखाली ही बाटली होती. मोठमोठ्या टाक्यांत स्पिरिट आणि अर्क एकत्र करायचे, ढवळायचे, मुरवायचे, गाळायचे, हे बाबांचं काम. ते घरी यायला निघाले की बसमधल्या बाया वळून बघायच्या आणि जिन्यात पाऊल पडलं की सगळ्या इमारतीला कळायचं. ज्या बाटल्यांची लेबलं वाकडी लागायची, त्या कामगारांना मिळायच्या. त्यामुळे आईंकडे चांदणवेलला तोटा नव्हता.

मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा रोज बघायचे. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की आई तोंड धुवायच्या, केस पुन्हा बांधायच्या आणि दोन्ही कानांमागे चांदणवेल लावायच्या. बाबा यायचे, चपला काढायचे, पाणी मागायचे. आई मुद्दाम अगदी जवळ जाऊन ग्लास द्यायच्या. बाबा पाणी प्यायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे. कधी न राहवून आई विचारायच्या, "वास कसा येतोय?" तर बाबा म्हणायचे, "कसला?"

कसला! आई पाहुण्यांना हे हसत सांगायच्या. "आमचे हे नाक कारखान्यातच लॉकरमध्ये ठेवून येतात," म्हणायच्या. पाहुणे खो खो हसायचे. आई मात्र लगेच चहाचे कप उचलून आत जायच्या.

पुढे कारखाना एका बड्या कंपनीने घेतला. त्यांचा कुणीतरी तरुण साहेब म्हणाला, हा म्हाताऱ्यांचा वास आहे, आणि चांदणवेल बंद झाला. बंद म्हणजे कायमचा. बाया कारखान्याच्या गेटवर येऊन विचारायच्या, एखादी तरी बाटली आहे का हो? काहीजणी तिथेच रडायच्या. दुसरी कुणी असती तर तिने उरलेल्या बाटल्या कुलपात ठेवल्या असत्या. आमच्या आईंनी त्या कशाला वापराव्यात? नव्या स्टीलच्या डब्यांवर लेबलाचा चिकट डिंक राहतो ना, तो पुसायला. "ज्याला कळायला हवं त्याला कळत नाही, निदान डबे तरी स्वच्छ होऊ देत," असं म्हणत शेवटची बाटलीही त्यांनी संपवली.

आणि आता हाच माणूस एका परक्या बाईचा वास घेऊन बसथांब्यापर्यंत गेला होता.

मग घरात जे सुरू झालं ते देवा, वैऱ्याच्या घरीही नको. दोघंही समोरासमोर बसायचे आणि आई मला सांगायच्या, "त्यांना म्हणावं, गोळी घ्यायची राहिलीय." बाबा मला सांगायचे, "घेतली म्हणावं." मी काय टपालखातं आहे? नवऱ्याला म्हटलं, तुझे आईवडील आहेत, काहीतरी कर. तो म्हणाला, "म्हातारचळ असतो गं, जाईल आपोआप," आणि टीव्हीचा आवाज वाढवला. या घरात खरं काम कुणी करायचं हे ठरलेलंच आहे.

बरं, बाबा तरी गप्प बसावेत की नाही? नाव नाही. ते रोज एकेका दुकानात जाऊन सेंट हुंगायला लागले. खिशातून कागदाच्या पट्ट्या निघायच्या. घरी येऊन खुर्चीत बसायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "हा नाही. हाही नाही." आईंना हे सगळं ऐकू जात होतं.

एका दुपारी मी कामावरून लवकर आले तर आई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. नीट बघितलं तर त्या घड्या कपाटात नाही, बॅगेत जात होत्या.

"बहिणीकडे जाऊन राहते," त्या म्हणाल्या.

"किती दिवस?"

"बघू." आईंचं 'बघू' म्हणजे काय, ते मला पुरतं ठाऊक आहे. त्या बॅगेत स्वेटरसुद्धा होता आणि थंडीला अजून अवकाश होता.

मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "आई, या वयात एवढ्याशा गोष्टीवरून?"

"त्या बाईचा मला मुळीच राग नाही गं," आई म्हणाल्या. "पण मी एवढी वर्षं रोज लावलं. एकदा, नुसती एकदा मान वळवली असती यांनी, तरी मला पुरलं असतं. मी मनाची समजूत घातली होती, की या माणसाला नाकच नाही, करणार काय! आता कळलं की नाक आहे. फक्त ते माझ्यासाठी नव्हतं." मी त्यांचा हात धरला. बाबांचा असा राग आला होता की समोर असते तर सुनेचं नातं विसरून चार शब्द सुनावले असते.

आई रविवारी निघणार होत्या. मी ठरवलं, ती बाई शोधायची. का, तर निदान त्या वासाचं नाव तरी कळू दे. नाव कळलं की बाबांचं खूळ उतरेल, असा माझा हिशेब. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या मुलीचा चष्मा नाकावरून घसरत होता. मी तिचा स्क्रू आवळून दिला, नाकपट्ट्या बसवून दिल्या आणि मग हळूच विषय काढला. "त्या टेलिफोनवाल्या बाई ना?" ती म्हणाली. "त्यांची कवळी व्हायचीय. उद्या यायच्या आहेत. पण त्या मागे लागलेल्या आजोबांना नका हं आणू."

दुसऱ्या दिवशी मी जाऊन बाकावर बसले. दार उघडलं, ती उंच बाई आत आली, माझ्यासमोरून गेली. आणि मी तोंडावर हात ठेवला.

चांदणवेल! दुसरं तिसरं काही नाही, चांदणवेल! माझ्या लग्नानंतरची पहिली कितीतरी वर्षं जो वास आमच्या जिन्यात, पडद्यांत, आईंच्या पदराला होता, तोच. बाबांनी बादल्याच्या बादल्या ढवळलेला, आणि त्याच्याच मागे ते वेड्यासारखे गावभर फिरत होते. मी एकटीच हसायला लागले आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लोक माझ्याकडे बघायला लागले.

"तुम्ही त्या कापूसवाल्यांच्या कोण?" बाईंनी विचारलं. माझं हसणं बघून त्यांना अंदाज आला असावा.

"सून."

"मग आवरा त्यांना जरा."

मी त्यांच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली बाटली काढली. हिरव्या टोपणाची, बुटकी. तळाशी जेमतेम ओल होती.

"मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर लोकांनी माझा आवाज ऐकला, तोंड कुणी बघितलं नाही. पण कामाला जाताना हा लावल्याशिवाय मी कधी गेले नाही. हेडफोन घातला की कानापाशी हा वास यायचा, बरं वाटायचं. आता फक्त इथे येताना लावते. हसू नका, पण मला दातांच्या डॉक्टरची भयंकर भीती वाटते. खुर्चीत बसले की पाय कापतात. हा असला की धीर येतो."

मला मागायचा धीर होत नव्हता. पण रविवार समोर दिसत होता, म्हणून मागितलंच. "एकच थेंब द्याल? आमच्या आईंसाठी?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. "वाईट वाटतं, पण नाही. कवळी बसेपर्यंत मला हा पुरवायचाय." तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. जाताना त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी आमचा पत्ता कागदावर लिहून रिसेप्शनवर ठेवला आणि घरी आले.

घरी आई भाजी निवडत होत्या, बाबा खिडकीशी पट्ट्या हुंगत होते. मी मधोमध उभी राहिले. "बाबा, वास सापडला. तो चांदणवेल आहे."

"छे!" बाबा हसले. "काहीतरीच काय! चांदणवेल मी बनवलाय. मला कळणार नाही होय?"

"बरं, मग सांगा, चांदणवेलचा वास कसा होता?"

बाबांनी तोंड उघडलं. त्यांची नजर माझ्याकडून आईंकडे गेली, मग हातातल्या पट्टीकडे. आणि ते हळूच खुर्चीत बसले.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"काय माहीत नाही?" आई कितीतरी दिवसांनी थेट त्यांच्याशी बोलल्या.

"चांदणवेलचा वास. मिक्सिंगमधल्या कुणालाच येत नाही तो. कामाला लागल्यावर सुरुवातीला येतो, तोही स्पिरिटचा भपकारा जास्त. मग नाक त्या एका वासाला बंदच होतं. बाकी सगळं येतं, दूध करपलेलं येतं, तेवढा एक येत नाही. म्हणून तर माल तयार झाला की तपासायला हिशेब खात्यातली बाई बोलवायचे. आमचं नाक त्या कामाचं नव्हतं."

"हे मला कधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, सगळ्यांना माहीत असतं."

"मला कसं माहीत असणार?" आई कडाडल्या. "मी होते का तुमच्या मिक्सिंगमध्ये?"

बाबांनी पट्टी खाली ठेवली. मग त्यांच्या डोक्यात काहीतरी हललं. "म्हणजे तू लावायचीस?"

"रोज."

"मी घरी यायच्या वेळी?"

"नाही, दूधवाल्यासाठी!"

बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं, आणि आईंनीही बघितलं नसावं, कारण त्या निवडलेली भाजी तशीच मांडीवर घेऊन बसून राहिल्या. "कारखाना सुटून इतकी वर्षं झाली," बाबा बोटांआडून म्हणाले. "नाक उघडलं असेल कधीतरी. मला कळलंच नाही. आणि घरात तो वासच नव्हता."

"कसा असेल?" आई म्हणाल्या. "मी डबे पुसले ना त्याने." आता त्याही रडायला लागल्या. राग गेला होता, पण मला तो राग बरा वाटला असता. त्यांना एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हातांनी डब्यांवर घासून संपवली होती. बॅग दाराशी तशीच होती. त्यांनी ती आतही नेली नाही आणि बाहेरही काढली नाही.

संध्याकाळी बेल वाजली. दारात टेलिफोनवाल्या बाई. एक गाल टम्म फुगलेला, तोंडाला रुमाल. "कुठे आहेत त्या?" त्या अर्ध्या तोंडाने म्हणाल्या.

आई पुढे झाल्या. बाईंनी त्यांना आपादमस्तक बघितलं. "डॉक्टर माझ्या तोंडात काय काय घालत होते आणि माझ्या डोक्यात तुम्ही. रोज कानांमागे लावायचं आणि समोरच्याला पत्ता नाही! मला स्वतःच्या भीतीपेक्षा तेच जास्त लागलं." त्यांनी पर्समधून बाटली काढली.

"नको हो," आई म्हणाल्या. "तुम्हाला लागेल ना तो. सूनबाईने सांगितलंय मला."

"लागेल. बघू."

"मी येईन तुमच्याबरोबर," आई एकदम म्हणाल्या. "कवळी बसेपर्यंत प्रत्येक वेळी येईन. हात धरून बसेन. डॉक्टर काय बोलतात ते मी बघते." बाईंनी मान हलवली, फुगलेल्या गालामुळे हसू एकाच बाजूने आलं.

बाईंनी बाटली दाबली, पण फवारा उडेना, नुसता फुसफुसला. तेव्हा त्यांनी तोटी फिरवून काढली, बाटली बोटावर उलटी केली आणि आईंच्या दोन्ही कानांमागे बोट टेकवलं. वास खोलीभर पसरला. मला एकदम नवी नवरी झाल्यासारखं वाटलं.

"या," आई बाबांना म्हणाल्या.

बाबा आले. सुनेसमोर, परक्या बाईसमोर, त्यांनी आईंच्या कानाजवळ नाक नेलं. मी फरशी बघत बसले.

"अहो, बोला की काहीतरी," आई म्हणाल्या.

"वरचा वास थोडा उतरलाय," बाबा म्हणाले. "बाटली जुनी ना. पण मधला भाग अजून..."

"मला तुमचा कारखान्याचा रिपोर्ट नकोय!"

बाबा थांबले. "बसथांब्यावर घेतला तो छान होता," ते सावकाश म्हणाले. "पण हा तो नाही. हा तुझा आहे. अगं, हे सगळं माझ्या घरात होतं आणि मी पाणी पिऊन पेपर वाचत बसलो?" आईंचा चेहरा मी सांगू शकत नाही, तुम्ही बघायला हवा होता.

मग बाबा एकाएकी घाबरले. "जातोय," म्हणाले. "नाक बंद व्हायला लागलं."

"म्हणजे? झालं इतक्यात?" आई कावऱ्याबावऱ्या झाल्या.

"थांब, थांब. त्याला एक उपाय असतो. हिशेबातली बाई करायची तसं. बाहेर मोकळ्या हवेत जायचं, नाक रिकामं करायचं आणि परत यायचं. मग पहिल्यापासून येतो." चपला पायांत सरकवून बाबा दाराबाहेर पडलेसुद्धा. दार मागे लागलं. थोड्या वेळाने बेल वाजली.

आईंनी दार उघडलं. बाबा उंबऱ्यातच थांबले, आणि त्यांची मान वळली. मी बघितलं, आईंनी बघितलं. टेलिफोनवाल्या बाईंनी रुमाल तोंडावरून डोळ्यांवर नेला.

"आता पुन्हा जातो," बाबा म्हणाले आणि गेले. पुन्हा बेल, पुन्हा आई, पुन्हा ते. मग आणखी एकदा. संध्याकाळ कलली तरी त्यांचं हे चालूच. शेवटी वरच्या मजल्यावरून कुणीतरी कठड्यावर वाकून विचारलं, "काय झालं हो? सारखी बेल वाजतेय, किल्ली हरवली का?"

"काही नाही," आई दारातून म्हणाल्या. "हे घरी येतायत." आणि त्यांना पुन्हा येता यावं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.